गाडी दिसते तोवर

जपानातल्या आमच्या बेप्पू गावात पाहुण्याला निरोप देणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. पाहुणे गाडीत बसले की सराईतली सगळी माणसं, मालकीणबाईंपासून भांडी घासणारीपर्यंत, दारात रांगेने उभी राहतात, कमरेत वाकतात आणि हात हलवायला लागतात. गाडी दिसते तोवर हात खाली घ्यायचा नाही. पाहुण्यांचंही तेच. दारातली माणसं हात हलवताहेत तोवर आपणही हलवत राहायचं, नाहीतर आईबापांनी काही वळण लावलं नाही असं दिसतं. आधी कोणी थांबायचं हे आजवर कोणी ठरवलेलं नाही. गावातले रस्ते वळणावळणाचे आहेत तेच बरं, असं माझी सासू म्हणायची. नाहीतर अर्धं गाव हात वर करूनच म्हातारं झालं असतं.

हे आधीच सांगून टाकते, कारण माझ्या आयुष्यातला सगळा घोळ इथेच आहे.

मी किनुए. शाळा संपल्या संपल्या तेन्मा बस कंपनीत गाईड म्हणून लागले. निळा गणवेश, तिरकी टोपी, पांढरे हातमोजे, गळ्यात शिट्टी. गाईडने गाडीत पुढे, पाहुण्यांकडे तोंड करून उभं राहायचं आणि जे काय सांगायचं ते पद्यात सांगायचं. हो, पद्यात. बेप्पूच्या गाईडला कामावर असताना साधं बोलायची मुभा नाही. उकळत्या पाण्याचे डोह, ज्यांना आम्ही नरक म्हणतो, ते दाखवतानासुद्धा ताल सुटता कामा नये:

डावीकडे दर्या, उजवीकडे डोंगर,
पायाखाली नरक, डोक्यावर अंबर!

यातलं 'डोक्यावर अंबर' फक्त माझ्या गाडीत खरं होतं. इतर गायडी ते टपाखाली उभ्या राहून म्हणायच्या. माझ्या गाडीला टपच नव्हता.

मुळात होता. लांब नाकाची, नाकात इंजिन असलेली ती चारचौघींसारखीच गाडी. पण एका वादळात मासळीबाजाराची भलीमोठी पाटी उडाली ती नेमकी तिच्यावर येऊन पडली आणि टप पार बसला. कंपनीचे मालक म्हणजे चिक्कूपणात गावात पहिले. दुरुस्तीचं नाव काढताच त्यांनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा म्हणाले, "कापून टाका. सगळाच. आणि बाजूला लिहा, आकाशगाडी."

लोकांची नुसती झुंबड उडाली. पावसासाठी प्रत्येक आसनाखाली तेलकागदाची छत्री ठेवलेली असायची. सगळ्या छत्र्या एकदम उघडल्या की मागच्याला पुढचं काही दिसायचं नाही, पण माझं पद्य चालू असायचं, त्यामुळे कोणाचं अडायचं नाही. गाडी वाफेच्या ढगातून गेली की बायकांच्या केसांची वाट लागायची आणि त्या इतक्या हसायच्या की मला दोन ओळी गिळाव्या लागायच्या. तसं काम मला पुन्हा मिळालं नाही. जगात दुसरं असेल असंही मला वाटत नाही.

ही आकाशगाडी रोज सकाळी इसागोया सराईच्या दारातून निघायची. तिथून रस्ता सरळ चढत जातो आणि वर देवळापाशी वळतो. तेवढ्या चढावर गाडी म्हणजे गोगलगाय. पाहुणे मान मागे वळवून हात हलवायचे. मला मान वळवायची गरजच नव्हती, मी मागे तोंड करूनच उभी. त्यामुळे दारातली रांग सगळ्यात चांगली दिसायची ती मला. त्या रांगेच्या टोकाला मोरोफुजी नावाचा एक पोरगेला कारकून उभा असायचा. कान मोठे, मान बारीक, आणि हात असा हलवायचा की आता खांद्यातून निखळतोय.

चार वर्षं तो रोज सकाळी हात हलवत होता आणि मी पांढरा हातमोजा हलवत होते. आता मला सांगा, तो मला हात करत होता की गाडीला?

हसू नका. त्याचं कामच होतं ते. माझंही तेच. रस्त्यात भेटला तर कमरेत वाकून म्हणायचा, "इसागोयातर्फे आपले आभार." नवीन वर्षाला भेटला तर "इसागोयातर्फे शुभेच्छा." एकदा माझी टोपी वाऱ्याने उडून बंदराच्या पाण्यात पडली. या माणसाने कमरेइतक्या पाण्यात उतरून ती काढली, निथळत माझ्यासमोर उभा राहिला, दोन्ही हातांनी टोपी पुढे केली आणि म्हणतो काय, "इसागोयातर्फे." अशा माणसाचं करायचं तरी काय?

लग्न ठरलं की गाईडने नोकरी सोडायची, असा तेव्हा नियमच होता. माझं टोफूवाल्यांच्या घरात ठरलं. मी टोपी परत केली. पुढे त्याचंही झालं. दोघांचे संसार नीट झाले. माझ्या नवऱ्याबद्दल तर मी वाकडा शब्द ऐकून घेणार नाही. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली. मोरोफुजीची बायकोही गेली, लोणची फार छान घालायची. पण ती एक गोष्ट दातात अडकलेल्या तिळासारखी राहिली ती राहिलीच. हात मला होता की गाडीला?

मधल्या काळात गाडीचे हाल माझ्यापेक्षा वाईट झाले. कंपनी बुडाली आणि आकाशगाडी डोंगरावरच्या एका संत्र्याच्या मळ्यात जाऊन पडली. मळेवाल्याने तिच्यावर पत्रे टाकले. आधी तिच्यात संत्री ठेवली, मग खताची पोती, मग कोंबड्या. आमच्या गल्लीतला गॅरेजवाला हिमेनो, वय पन्नाशीचं, जुनी गाडी दिसली की ज्याला जेवण सुचत नाही, तो एके दिवशी धावतच माझ्याकडे आला.

"किनुएमावशी, तुमची गाडी सापडली!"

"कुठे?"

"मळ्यात. ड्रायव्हरच्या जागेवर कोंबडी बसली होती. मला बघून उठलीसुद्धा नाही."

"मग तिला गियर टाकता येत असतील," मी म्हटलं. "विचारलंस का?"

तीन वर्षं लागली. लाकडी सांगाडा एका बाजूने कुजलेला, तो सुताराकडून नवा घडवला. इंजिन उघडलं तर आत संत्र्याच्या बिया. आम्ही जुन्या गायडी दर शनिवारी गॅरेजात जमायचो, गाडी घासायला आणि मुख्य म्हणजे भांडायला. भांडण रंगावरून. बाजूचा पट्टा निळा होता, मी म्हणत होते. हिरवा होता, तोकिए म्हणत होती. तोकिए माझ्या खालोखालची गाईड आणि तिची स्मरणशक्ती म्हणजे भोकाचं भांडं. शेवटी हिमेनोने कोंबड्यांची जुनी घाण खरवडली, तर खाली हिरवा निघाला. मी सांगितलं, एवढी वर्षं कोंबड्या बसल्यावर निळ्याचा हिरवा होणारच. कोणी ऐकलं नाही. गाडीला हिरवा पट्टा मारला.

आणि दर शनिवारी, दुपारच्या सुमाराला, मोरोफुजी यायचा. पाठीवर 'इसागोया' लिहिलेला आखूड अंगरखा, हातात गरम मांजूंची लाकडी पेटी. लाल चवळीचं गोड सारण भरलेले ते मऊ मांजू तो सगळ्यांपुढे करायचा आणि कमरेत वाकायचा. "इसागोयातर्फे."

कान अजून तेवढेच मोठे होते. बाकीचा माणूस आटला होता. मांजू वाटून झाले की तो कोपऱ्यात बसून गाडीचा पितळी भोंगा घासत बसायचा. तीन वर्षांत त्याने त्या भोंग्याची अशी काही सेवा केली की शेवटी शेवटी त्यात तोंड बघून आम्ही केस नीट करायचो. पण बोलणं? नाव नको. एकदा मला राहवलं नाही.

"मोरोफुजीसान, तुम्हाला स्वतःतर्फे कधी भूक लागते का हो?"

त्याने नीट विचार केला. "लागते," तो म्हणाला. "पण कामाच्या वेळात नाही."

तोकिए हसून हसून आसनावरून खाली पडली. मी नाही हसले. माझा जीव जळत होता.

तेवढ्यात ओसाकाच्या लेकीने उचल खाल्ली. "आई, एकटी किती दिवस राहणार? पडलीबिडलीस तर?" तिने माझ्यासाठी खोली रिकामी केली, सामान भरायला खोकेही पाठवून दिले. आकाशगाडीची पहिली फेरी रविवारी, आणि त्याच आठवड्यात शुक्रवारी मी ओसाकाला जायचं, असं ठरलं. मी हो म्हटलं. का नाही म्हणायचं? इथे माझं अडलं होतं ते काय, तर एक प्रश्न. प्रश्नापायी कोणी गाव धरून बसत नाही.

पण रविवारी गाडी पुन्हा इसागोयाच्या दारातून निघणार होती. गाईड मी. आणि रांगेच्या टोकाला तो. मी मनाशी पक्कं केलं, की या खेपेला बघायचं. डोळे फाडून बघायचं. हात कामाचा की मनाचा, एवढं तरी या वयात कळायला हवं. कामाचा असला तर शुक्रवारी निमूट ओसाका. मनाचा असला तर आधी त्याला चांगला झापायचा आणि मग पुढचं पुढे.

रविवारी सकाळी गणवेश अंगात गेला, पण बटणं लागेनात. मग पाठीची शिवण उसवून मध्ये निळ्या कापडाची रुंद पट्टी घातली. गाईडचं तोंड पाहुण्यांकडे असतं, पाठ कोण बघतंय! पाठ बघायला फक्त ड्रायव्हर, आणि ड्रायव्हर होता हिमेनो.

"मावशी, मागून तुमचा टप पण कापलेला दिसतो," तो म्हणाला.

"रस्त्याकडे बघ," मी म्हटलं.

गाडी खच्चून भरली होती. उपमहापौर, देवळातले पुजारी, तोकिए धरून चौघी जुन्या गायडी, लहान पोरं घेऊन कुमामोतोहून आलेलं एक कुटुंब, आणि पहिल्या आसनावर, अगदी माझ्या पुढ्यात, इसागोयाच्या मालकीणबाई. नव्वदीला टेकलेल्या, पण आवाज असा की खाली बंदरात ऐकू जावा. एरवी त्या दारातल्या रांगेत मधोमध उभ्या राहतात. आज त्यांना मानाने गाडीत बसवलं होतं.

भोंगा वाजला. मी शिट्टी फुंकली. गाडी हलली, आणि सराईच्या दारात सगळी रांग एकदम वाकली आणि सगळे हात एकदम वर गेले. गाडीतलेही हात वर. काय सांगू, अंगातून वीज गेली. तोच चढ, तोच इंजिनाचा कण्हण्याचा आवाज, तीच वाफ. मी पद्य म्हणायला सुरुवात केली आणि डोळे रांगेच्या टोकावर ठेवले.

मोरोफुजी तिथे होता. हात हलवत होता. मी बघितलं. पुन्हा बघितलं. हात हलत होता, बस्स. हातावर काही लिहिलेलं नव्हतं. सगळ्यांचे हलत होते तसाच त्याचा. एवढी वर्षं वाट बघून मला काय कळलं, तर शून्य. माझा असा काही संताप झाला की नरकांच्या यादीतला एक नरक मी वगळून टाकला.

आणि चढ अर्ध्यावर आला असताना गाडी खोकली. एकदा, दोनदा. मग गप्प झाली.

"काही नाही, काही नाही!" हिमेनो ओरडला, उडी मारून उतरला आणि गाडीखाली गेला. त्याचे नुसते बूट बाहेर राहिले.

आता बघा कशी पंचाईत झाली. गाडी सरळ रस्त्यात मधोमध उभी. सराईच्या दारातून ती स्वच्छ दिसत होती. म्हणजे रांगेला हात खाली घेता येईना. रांग हात हलवत होती, म्हणजे आम्हालाही घेता येईना. आणि गाडीला टप असता तर आत वाकून दोन घटका हात चोळले असते. पण आम्ही सगळे उघड्यावर, कमरेपासून वर सगळ्या गावाला दिसत होतो.

सुरुवातीला मजा वाटली. मग उपमहापौरांनी हात बदलला. मग परत बदलला. कुमामोतोच्या बाईचं तान्हं झोपी गेलं, तर ती त्याचा हात धरून हलवत राहिली. पुजारीबुवा मंत्र म्हणताना लावतात तसा ठेका लावून हलवायला लागले. खाली दारात स्वयंपाकी हातात डाव घेऊन धावत बाहेर आला, काय झालं बघायला, आणि रांगेत अडकला. तोही डाव हलवू लागला. स्कूटरवरून पोस्टमन चालला होता. त्याला वाटलं सगळे त्यालाच हात करताहेत. त्याने हात केला, आणि मग त्यालाही थांबवेना.

"कोणीतरी थांबा हो!" तोकिए विव्हळली. "माझा खांदा गेला!"

"त्यांना आधी थांबू द्या," उपमहापौर दातओठ खात हसऱ्या चेहऱ्याने म्हणाले. "आम्ही आधी थांबलो तर नगरपालिकेची अब्रू जाईल."

"आणि आमचे लोक पाहुण्यांआधी थांबले तर इसागोयाची जाईल!" मालकीणबाई कडाडल्या. "मोडला तरी चालेल, हात खाली येता कामा नये!"

तेवढ्यात गाडीखालून हिमेनोचा एक बूट हलायला लागला. त्यालाही वाटलं असावं, आपण एकटेच कसे स्वस्थ पडून राहायचं. ते बघून आधी पोरं फुटली, मग आम्ही चौघीपाचजणी, मग सगळी गाडी. हसण्याने हात आणखी जड होतात. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, आणि हात वरच.

मी गाईड. पाहुण्यांचं मन रमवणं माझं काम. म्हणून मी मालकीणबाईंना म्हटलं, "निदान दर शनिवारच्या मांजूंबद्दल आज आभार मानून घेते. तीन वर्षं पाठवलेत, एक शनिवार चुकला नाही."

"कसले मांजू?" मालकीणबाई म्हणाल्या.

"तुमचे. मोरोफुजीसानच्या हाती पाठवता ते."

"अगं, आमच्याकडे मांजू होतच नाहीत! आमच्या स्वयंपाक्याला सारण जमत नाही, तो बघ तिथे डाव हलवतोय. आणि मोरोफुजीच्या हाती मी कशी पाठवणार? त्याने काम सोडलं त्याला किती वर्षं झाली. माझी पणती तेव्हा जन्मली नव्हती, ती आता शाळेत जाते."

"मग तो अंगरखा?"

"परत मागितला तर म्हणाला हरवला." मालकीणबाईंनी हलवता हलवताच हात कपाळाकडे नेऊन खाली बघितलं. "तो काय घालून उभा आहे! लाज नाही मेल्याला. आणि आज त्याला बोलावलं कोणी? मी तर नाही बोलावलं."

माझा हात थांबला. गाईड झाल्यापासून पहिल्यांदा, रांग समोर दिसत असताना, माझा हात थांबला.

मालकीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मग खाली रांगेच्या टोकाकडे बघितलं. मग पुन्हा माझ्याकडे. जन्मभर पाहुण्यांची तोंडं वाचत आलेली बाई ती. तिला काय सांगावं लागतंय! ती तोकिएच्या खांद्याला धरून चक्क आसनावर उभी राहिली.

"मी पाहुणी पण आहे आणि मालकीण पण!" तिने दोन्हीकडे ऐकू जाईल असं ठणकावलं. "दोन्हीकडून मीच सांगते! झाला निरोप! इसागोयाची सगळी माणसं आत!"

खालून सुटकेचा असा सुस्कारा आला की वर चढापर्यंत ऐकू आला. सगळी रांग एकदा वाकली. स्वयंपाकी आत गेला, पोरी आत गेल्या, पोस्टमन पळाला. गाडीत सगळे हात धपाधप मांडीवर पडले. "आई गं," उपमहापौर म्हणाले, आणि त्यांना तसं म्हणताना मी पहिल्यांदाच ऐकलं.

दार रिकामं झालं. फक्त एक माणूस उरला. तो हात हलवतच होता. उजवा दमला होता, म्हणून डाव्या हाताने कोपर खालून धरलं होतं.

"ते आजोबा का थांबत नाहीत?" कुमामोतोच्या पोरीने विचारलं.

"मी काय करू?" मालकीणबाई म्हणाल्या. "माझा नोकर थोडाच आहे तो."

सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. मी शिट्टी हिमेनोच्या आसनावर ठेवली आणि खाली उतरले.

उतारावरून चालताना मला पाठीवरच्या त्या रुंद पट्टीची आठवण झाली. सगळी गाडी आता तीच बघत असणार. बघू देत. मी चालत राहिले. मी जवळ येत होते आणि तो हात हलवत होता. अगदी समोर जाऊन उभी राहिले तरी हलवत होता. हाताचा वारा माझ्या टोपीला लागत होता.

"हात खाली घ्या," मी म्हटलं.

"गाडी अजून दिसतेय," तो म्हणाला.

"इसागोया आत गेली. तुम्ही कोणातर्फे उभे आहात?"

"इसा..." तोंडात बसलेला शब्द अर्धा बाहेर आला आणि अडला. त्याचे कान लाल व्हायला लागले. आधी पाळ्या, मग सगळेच. हात हळूहळू खाली आला.

"माझ्यातर्फे," तो म्हणाला.

"आणि मांजू?"

"तेही. मीच करतो. पहिले काही शनिवार करपले, ते आणले नाहीत."

"करपले तर करपले! आणि तेव्हा? मी टोपी घालून जात होते तेव्हा?"

"तेव्हाही."

"अहो, मग तोंडाला काय झालं होतं?" मी ओरडले. गाडीपर्यंत ऐकू गेलं असणार. "एक शब्द! चार वर्षांत एक शब्द बोलता आला नाही?"

"मी रोज सांगत होतो," तो म्हणाला. "गाडी देवळापाशी वळेपर्यंत. वळल्यावरही थोडा वेळ. मग मालकीणबाई हाका मारायच्या."

मला त्याला झापायचं होतं. सगळं ठरवून ठेवलं होतं, वाक्यंसुद्धा तयार होती. पण इतका आनंद झाला होता की राग धरायला जागाच उरली नाही. मी रस्त्यात उभी राहून हसत सुटले. तो घाबरून कमरेत वाकला. मी आणखी हसले.

"मावशी!" वरून हिमेनो नाचत होता. काळ्या चिमटीत काहीतरी धरून हवेत फडकवत होता. "पीस! पेट्रोलच्या नळीत कोंबडीचं पीस!" इंजिन घुरघुरलं, खोकलं, आणि मग झकास सुरू झालं. गाडीत टाळ्या पडल्या. "चला, चला, बंद पडायच्या आत चला!"

ते ऐकलं मात्र, मोरोफुजी दोन पावलं मागे सरला, टाचा जुळवल्या, पाठ ताठ केली आणि हात वर केला.

"हे काय करताय?"

"गाडी निघतेय," तो म्हणाला.

"तुम्ही कधी बसलात का हो त्या गाडीत?"

त्याने मान हलवली. "मला तिची मागची बाजूच माहीत आहे."

मी त्या चोरलेल्या अंगरख्याची बाही धरली आणि त्याला चढावर ओढत नेलं. तो वाटेत दर चार पावलांवर "माफ करा, माफ करा" म्हणत होता, बहुतेक रस्त्यालाच. आम्ही गाडीशी पोहोचलो तेव्हा चौघी गायडी पायदानावर येऊन उभ्या होत्या. त्यांनी त्याला काखेत हात घालून वर उचलूनच घेतलं.

"ये रे चोरा," मालकीणबाई सरकत म्हणाल्या. "माझा अंगरखा घालून माझ्याच शेजारी बस." मग माझ्याकडे वळल्या. "आणि काय गं, शुक्रवारी ओसाकाला जाणार होतीस ना?"

"लेकीलाच म्हणावं इकडे ये," मी म्हटलं. "खोके रिकामेच परत पाठवते."

गाडीने पुन्हा चढ धरला. मी माझ्या जागी, पाहुण्यांकडे तोंड करून उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते, फक्त मोरोफुजी मान मागे वळवून सराईकडे बघत होता आणि अस्वस्थ झाला होता.

"दारात कोणीच नाही," तो म्हणाला. "गाडी निघाली आणि हात करायला कोणीच नाही."

"नसू दे," मी म्हटलं. "मोरोफुजीसान, समोर बघा."

तो वळला. आमच्यात एका हाताचं अंतर होतं.

"दिसतंय का नीट?" मी विचारलं.

"दिसतंय," तो म्हणाला. "इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतं."